झेंडेवाली

अधिवेशनाच्या दुसऱ्या आठवड्यात
आमचं मैदान पोलिसांना दिलं.
पेनल्टी बॉक्समध्ये तंबू,
कॉर्नरच्या झेंड्यावर कुणा जमादाराची बनियन वाळत,
आणि मी तीन दिवसांपूर्वी मारलेल्या फक्कीच्या रेषेवर
दोन चुली.

त्याच आठवड्यात,
टेकडी रोडच्या बॅरिकेडांपलीकडे, सभागृहात
प्रश्न आला म्हणे:
फुटबॉलच्या सामन्याला बिअर विकू द्यावी की नाही.
अडीच तास चालली चर्चा.
एकानं संस्कृती काढली, एकानं महसूल,
एकानं जर्मनी काढली, जिथे त्याचा मुलगा शिकतो.
सामने कुठे होतात सध्या,
हे कुणी विचारलं नाही.

टपरीवर इलियास पेपर वाचून दाखवत होता,
कामठीचा आमचा जुना स्टॉपर, गुडघ्याला पट्टा.
"बिअर? अबे, पयले पाणी त द्या!
एक नळ हाये, थोही गोलच्या मागं.
थो उघडाले पाना लागते,
पाना वॉचमनच्या घरी राह्यते,
आन् वॉचमन राह्यते उमरेडले."
हसलो सगळे. मीही.

नियमाच्या भाषेत सांगायचं तर
प्रश्न चेंडूच्या आधी पोचला होता.
पण झेंडा वर करायला
मला तिथं कोण जाऊ देतं?
पास लागतो.

मी दारूच्या बाजूनं बोलत नाहीये.
माझा बाप रेल्वेच्या टीमचा गोलकीपर.
लोक त्याला भिंत म्हणायचे.
भिंत संध्याकाळी पाचपर्यंत उभी असायची,
पुढे आई टेकू द्यायची.
बंदी तेव्हाही होती. गेटवर पाटी होती,
पाटीखालीच बसायचे सगळे,
सावली तिथं बरी होती म्हणून.

आणि विरुद्ध बोलायला जावं, तर
ती सेमीफायनल आठवते.
मी ऑफसाइड दिला. बरोबर दिला,
आजही देईन.
स्टँडमधून बाटली आली, कानामागे लागली.
मेयोत चार टाके.
बाटली पाण्याची होती, काचेची, घरून आणलेली.
मारणाऱ्याला नळीत फुंकायला लावलं: काही नाही,
शुद्ध हवा.
ज्यानं जखमेवर रुमाल दाबून धरला,
ऑटोत बसवलं, वर पन्नास रुपये दिले,
त्याच्या तोंडाचा भपकारा
मला सदरपर्यंत पुरला.
आता सांगा, हात कुठल्या बाजूनं वर करू?

रंजू कोडापे आमची मिडफील्डर.
हिंगण्याच्या पुढून येते, दोन बस बदलून.
सकाळपासून पाणी पीत नाही,
कारण मैदानात बाईमाणसाला जायला जागा नाही.
एकाहत्तराव्या मिनिटाला चक्कर येऊन पडली,
चेंडू पायात तसाच.
रेफरीनं घड्याळ थांबवलं.
मी रेषेवर उभी, कारण रेषा सोडायची नसते.
काय प्यावं, यावर अडीच तास.
ही काय पीत नाही,
यावर अजून अर्धा मिनिट झालेला नाही.
मी पेपर पाहते रोज.

शुक्रवारी अधिवेशन उठलं.
गाड्या विमानतळाकडे गेल्या,
मैदान परत मिळालं:
खुंट्यांचे खड्डे, संत्र्यांची सालं,
एक हरवलेला बूट, सरकारी,
आणि दक्षिणेच्या गोलात, जाळी नाही तिथं,
बिअरच्या तीन बाटल्या, रिकाम्या,
नीट ओळीत.
निर्णय समितीकडे गेलाय, असं छापून आलंय.

बाटल्या मी भंगारवाल्याला दिल्या.
खड्डे रंजूनं बुजवले, टाचेनं दाबून.
फक्की निम्म्या टचलाइनलाच संपली.
मग चुलींची राख भरली घमेल्यात
आणि वाकून, मूठमूठ सोडत
उरलेली रेषा ओढली.

"ताई, दिसन का हे उद्या?" रंजू म्हणाली.
म्हटलं, मले दिसन.