बोंडू

आरोंद्याला उतरलो तेव्हा साडेअकरा.
कंडक्टर म्हणाला, लेखकाचं घर ना, पाटी आहे बघा.
पाटी होती. ‘साहित्यीक’ मधली दुसरी वेलांटी दीर्घ.
हात खिशातल्या लाल पेन्सिलीकडे गेला,
सवयीनं. तसाच परत आला.

तुम्ही मला ओळखत नव्हता.
अठ्ठ्याहत्तर साली, कोल्हापुरात, तालमीमागच्या छापखान्यात
तुमची मुद्रितं मी तपासली, पानाला चार आणे.
दोनशे चाळीस पानं. आणि एकशेबाराव्या पानावर
तुमचा बोंडू मी खोडला.
वर लिहिलं : काजूफळ.
वाचकाला कळावं म्हणून, असं मी मालकांना सांगितलं.
खरं तर मलाच ठाऊक नव्हतं बोंडू म्हणजे काय,
आणि विचारायची लाज वाटली.

पुस्तक निघालं. महिन्याभरानं तुमचं कार्ड.
‘एकदा या. दाखवतो.’
सहीसुद्धा नाही.

आलो आता.
मध्ये मुलींची लग्नं, छापखाना विकला गेला,
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू.
मध्ये तुम्ही.

तिकीट दहा रुपये. जयवंती केरकर पावती फाडते,
चप्पल कुठे ठेवायची ते दाखवते.
खोलीत खाट, खाटेवर प्लॅस्टिक,
सत्काराची शाल अजून घडीवर,
काचेखाली पेन.
‘ह्या पेन तेंचा न्हय,’ ती म्हणते, न विचारता.
‘उद्घाटनाच्या आदल्या दिशी
सावंतवाडीसून हाडलेला.’
पुस्तक मात्र तुमचंच, तुमची प्रत.
म्हटलं, एक पान बघायचंय.
तिनं पदराच्या गाठीतून किल्ली काढली.
‘कोण इचारीत नाय कधी. खयचा पान?’

एकशेबारा.
काजूफळावर शिसपेन्सिलीची एक रेघ,
फार जोर न देता मारलेली,
आणि समासात, बारीक : बोंडू.
उद्गारचिन्ह नाही. शिवी नाही.
तुमचा तो ब, ज्याचं पोट कधी मिटत नसे,
दोनशे चाळीस पानं मी ज्याच्याशी भांडलो होतो.

मी काही बोललो नाही. तिनं काच पुसली.
मागच्या दारानं वास येत होता,
गोड आणि कुजका आणि जळका एकदम.
‘इनासची भट्टी,’ ती म्हणाली. ‘येवा, बगा.’

एप्रिल. जमिनीवर पिवळे-लाल ढीग,
बिया पिरगाळून वेगळ्या काढलेल्या.
दगडी कुंडात इनास फर्नांडिसचा पोरगा
गुडघ्यापर्यंत पाय घालून तुडवतो आहे,
कानात मोबाईलची वायर.
तांब्याचं भाण, त्याच्या गळ्याला चिखल,
नळीतून थेंब मडक्यात,
इतक्या सावकाश की मोजता येतात.
त्यानं एक फळ उचलून दिलं.
चावलो. रस हनुवटीवरून शर्टावर,
आणि घशात ती खवखव,
जी काजूफळ या शब्दात कुठंच नव्हती.

मग दाराच्या फळीवर दिसलं, आतल्या बाजूनं,
कोळशानं : बाकी ७.
तोच ब. उघड्या पोटाचा.

‘आज्यान सांगलेला, पुसू नुको,’ इनास म्हणाला.
‘सात बाटल्ये. हुर्राकाचे. एका उन्हाळ्यातले.’
मी पाकीट काढलं.
तो हसला नाही, रागावलाही नाही,
लाकूड आत सारत राहिला.
‘तुमी खय पिलास ते?’

एका काचेच्या पेल्यात अर्धा पेला दिला,
वर लिंबू पिळून, मिरची चिरून.
त्याचे पैसे घेतले. चाळीस रुपये.
सुटे नव्हते, जयवंतीनं दिले.

बसला पाऊण तास होता.
खाडीवरून वारा, पलीकडे किरणपाणी,
पुलावरून गोव्याकडे एक टेम्पो, रिकामा, खडखडत.
ती शर्टाकडे बघत होती.
‘ह्यो डाग जावचो नाय,’ म्हणाली.
‘उगाच साबण घासत बसा नको.’