भुर्र

खिचडीनंतरची वजाबाकी कुणालाच नको होती,
मलाही.
फळ्यावरचे नऊ पोपट तसेच बसवून ठेवले
आणि म्हटलं, चला, बोटं खाली.

सतरंजीवर गोल. चौदा तर्जन्या.
एकीला मेंदीचा उरलासुरला रंग,
एकीला बोंडाच्या टोकानं ओढलेली रेघ,
भाविकच्या बोटाला अजून हळद,
हात धुतले म्हणाला होता.
पंधरावं बोट माझं, खडूनं पांढरं.

चिमणी भुर्र!
चौदाही वर.
पोपट भुर्र! वर.
बैल भुर्र!
अंजिराचं बोट वर गेलं
आणि हवेतच थांबलं.
"बाद! बाद!"
राहू दे रे, पहिलीतली आहे ती.
"मंग काय झालं जी? बैल थोडीच पहिलीतला हाय?"
तरी ती गोलात राहिली,
बोट मुठीत लपवून.

खेळ मी कराडकडच्या माझ्या शाळेतून आणलेला,
उत्तरांसकट.
तिकडे कोंबडी म्हटलं की बोट खालीच.
इथे कोंबडीवर सभा भरली.
"उडते म्याडम. आमची कवेलूवर जाते."
"कुत्रं मांगं लागलं तं जाते. एरवी नाई जात."
"मंग कुत्रं असन तं वर, नाई तं खाली."
नियम मंजूर झाला,
मला कुणी विचारलं नाही.

मग फसवायला म्हटलं,
कापूस भुर्र!
चौदाही बोटं वर. एकही अडखळलं नाही.
जिनिंगच्या रस्त्यावर गाड्यांतून सुटलेला कापूस
दिवाळीपासून शिमग्यापर्यंत बाभळींना लटकतो,
मी रोज त्याच्याखालून स्कूटी आणते,
आणि बोट खाली राहिलं ते माझंच.
"म्याडम बाद!"
सगळ्यांत मोठ्यानं अंजिरा.

राज्य रितिक कोडापेकडे गेलं.
चौथीतला. फारसं न बोलणारा.
माझ्या जागेवर माझ्यासारखाच उभा राहिला,
हातात डस्टर.
कावळा भुर्र.
टॅक्टर भुर्र. (हशा.)
धुपट भुर्र.
मग थांबला,
दाराकडे बघितलं, माझ्याकडे नाही.
"म्याडम भुर्र."

कुणी हसलं नाही.
कोंबडीचा केला तसाच याचाही विचार केला सगळ्यांनी,
मनापासून.
आधी मोनालीचं बोट उठलं. मग भाविकचं. मग एकेक.
"डांगे सर उडाले नं जी," रितिक म्हणाला.
"मंग वाघाडे म्याडम.
मंग ते चष्म्यावाले, त्यायचं तं नावई पाठ झालं नवतं."
पुरावे देत होता, बस.
राग असता तर मला बरं पडलं असतं.

महिन्यापूर्वी वणीला,
नेट चालतं त्या झेरॉक्सच्या दुकानात,
मी अर्ज भरला होता.
पसंतीची गावं लिहायची असतात क्रमानं.
पहिलं आईचं लिहिलं.
दुकानदाराखेरीज कुणालाच माहीत नव्हतं.

बारा बोटं वर.
खाली फक्त अंजिराचं,
सतरंजीत असं दाबलेलं की नख पांढरं पडलं.
माया असेल,
किंवा बैलाचा धसका गेला नसेल अजून.
"अंजिरा बाद!"
"थांबा बे," रितिकनं डस्टर आडवं धरलं,
"म्याडमचं पाहू द्या."

निळ्या पट्टीवर माझं बोट.
मी त्याच्याकडे बघत राहिले,
जसं शेजारच्या पाटीत बघावं.

बाहेर सुमनताई खिचडीचा गंज घासत होती, वाळूनं.
फळ्यावर नऊ पोपट.
पुढचं उणे मी काढलंच नव्हतं.