पांढरे आधी

भुसावळहून छोट्या हत्तीत बसून आलं ते,
सोबत कुणाचे दोन कूलर, एक मुडपलेली सायकल,
आणि ड्रायव्हरशेजारी मी,
मांडीवर त्याचा पाइप वेटोळं करून.
रेल्वेचं क्वार्टर रिकामं होत होतं,
गार्डसाहेबांची बदली बडनेऱ्याला.
अठराशे म्हणाले, पंधराशे दिले,
वर बाईंनी साबणाची अर्धी पुडी दिली.

तेरा वर्षांचं. दोन डबे,
एकात धुतं, एकात पिळतं.
खटक्यावरचे आकडे पुसून गेलेले,
शेजारी दवाखान्यातली चिकटपट्टी,
तिच्यावर निळ्या बॉलपेननं: पांढरे आधी.
खाली बारीक अक्षरात: जास्त भरू नये, रुसतं.

कुमुदचं मनगट श्रावणात मोडलं, न्हाणीत.
प्लास्टर निघालं,
पण पिळा द्यायची ताकद काही परत आली नाही.
एकतीस वर्षं तिनं माझे सदरे घासले.
मी सावद्याला केळीच्या वखारीत मोजणीवर,
घड मोजतो, चीक अंगावर घेतो.
पडतो तेव्हा पाण्यासारखा असतो चीक,
वाळला की कत्थई.
मग त्याला लिंबू नाही, रॉकेल नाही, देव नाही.

मशीनलाही नाही जमलं.
पहिला सदरा बाहेर काढला, उजेडात धरला,
म्हटलं पंधराशे गेले.
ती खाटेवरून म्हणाली,
तो निघत नसतोच. मी कुठे काढायची?
मी आपला बाकीचा सदरा स्वच्छ करायची.

पिळताना ते चालतं.
पोत्याची घडी घातली पायाखाली, तरी दाराकडे निघतं,
मग मी दोन्ही हात त्याच्या पाठीवर ठेवून उभा राहतो,
गोठ्यात नव्या वासराजवळ राहावं तसा.
समोरचा निंबा रस्त्यावरून ओरडतो,
काय वो तात्या, धुणं धुऊ राह्यले?
हो, म्हटलं. तुझं आहे का? आण.
आला नाही अजून.

पोरगा पुण्याहून सांगतो, भंगारात द्या ते,
मी पुढून काचेचं पाठवतो, सगळं आपोआप.
अरे बाबा, आपल्या गल्लीत नळ चौथ्या दिवशी.
आपोआपला तोटी लागते, सतत भरलेली.
हे हंड्यानं पितं, बादलीनं पितं,
खळबळलेलं पाणी पुढच्या घाण्यासाठी ठेवू देतं,
आणि त्यानंतरचं, फेसाळ, राखी,
आम्ही ओटा धुवायला घेतो.

दिवाळीच्या आठवड्यात पाणी तुंबलं.
गफ्फार मिस्त्रीनं आडवं पाडलं, पक्कड घातली,
आणि काढलं काय, तर गणवेशाचं पितळी बटण.
पावतीवर नंबर होता. बडनेऱ्याला फोन लावला.
बाई हसल्या. त्या बटणापायी, म्हणाल्या,
आमच्याकडे दोन दिवस अबोला होता.
मग विचारलं, चालतं का अजून दाराकडे?
मी काही बोललो नाही, फोनच त्याच्याजवळ धरला.
त्या ऐकत राहिल्या, आणि म्हणाल्या,
गोधडी घातलीय ना? एक चादर काढा.

चादर काढली.
ते जागेवर आलं.

मे महिन्यात पिळायचा डबा नुसता बसून असतो.
सेहेचाळीस डिग्रीत दुसरा सदरा तारेवर टाकेपर्यंत
पहिला पापडासारखा वाजतो.
कुमुद त्या डब्यात चिमटे ठेवते, आणि कधी कांदे.
चिकटपट्टीचं एक टोक सुटलंय,
मी वरून दुसरी लावली, अक्षर दिसेल अशी.

बटण परत मागितलं नाही त्यांनी.
कुमुदनं डाव्या हातानं, चार वेळा दोरा निसटून,
माझ्या कामाच्या सदऱ्याला लावलं, वरून तिसरं,
चिकाच्या डागाला लागूनच.
वखारीत कुणाच्या लक्षात आलेलं नाही.