चंद्राचं काम

रात्री दीड जीबीतलं उरलंसुरलं
भरती-ओहोटीच्या धड्यावर घालवलं.
पडद्यावर निळा गोळा, त्याच्याभोवती पांढरा,
आवाज कुणा दूरच्या बाईंचा, घाई नसलेला.
पाचदा थांबवून मी वहीत बाण काढले.

सकाळी दिवाळ्याच्या शाळेत
प्रोजेक्टर होता, वायर नव्हती.
वायर मोठ्या बाईंच्या कपाटात
आणि किल्ली वाशीला, बैठकीला.

मग शबिस्ताची निळी ओढणी.
चौघींनी टोकं धरली : ही खाडी.
डब्याचं झाकण घेऊन
चंद्र व्हायला कुणी उठेना.
शेवटच्या बाकावरून जितेश कोळी आला,
जो वाचताना जोडाक्षराला अडतो
आणि मी, खरं सांगते, पुढच्याला उठवते.

तो फिरू लागला. ओढणी फुगली.
म्हटलं, आता अष्टमी, पाणी वर घ्या.
तो थांबला. झाकण छातीशी.
"बाई, अष्टमीला भांग असतो.
पाण्याला ओढ नसते, पप्पा डोल लावत नाहीत.
उधाण पुनवेला.
आणि आवसेला. पण तेव्हा मी दिसणार नाही."
झाकण पाठीमागे लपवून
त्यानं नुसत्या खांद्यानं पाणी ओढलं.
चौघींचे हात वर गेले,
मी काही सांगायच्या आत.

रात्री व्हिडिओ पुन्हा लावला.
त्या बाई बरोबरच होत्या,
फक्त त्यांच्या समुद्राला चिखल नव्हता.
वहीत बाणांच्या शेजारी लिहिलं :
भांग. उधाण.
एकही जोडाक्षर नाही.
उद्या फळ्यावर हेच,
आणि वाचायला सुरुवात
शेवटच्या बाकापासून.