बाहेरच्या बाजूला

खवाट्याच्या मागं, जिथं स्वतःचा हात पोचत नाही
आणि पाठ चोळायला कुणालातरी हाक मारावी लागते,
तिथं दोन स्नायू राहतात.
एक पंख्यासारखा पसरट, दुसरा करंगळीएवढा.
दंडाचं हाड मागून धरून
ते त्याला बाहेर वळवतात. एवढंच काम.
आत ओढणारे केवढे दांडगे:
छातीचं रुंद पान, पाठीचा पट्टा, खवाट्याखाली लपलेला तो एक.
सगळे हात नेतात
पोटाकडं, खिशाकडं, घासाकडं.
बाहेर न्यायला हे दोघंच, फार तर खांद्याची मागची कड.
चार मार्कांना मी हे लिहून आले होते,
तेव्हा नुसती नावं पाठ होती.

मंगळवार पेठेत माझी खोली. एक खाट, एक आरसा,
खिडकीच्या गजाला बांधलेला हिरवा रबरी पट्टा.
दस्तगीर मुजावर आले ते दारातून तिरके होऊन.
वय बासष्ट. कान मोडलेले, मान जवळजवळ नाहीच.
उभे राहिले, तर एक पाऊल पंचगंगेकडं
आणि दुसरं रंकाळ्याकडं;
कुल्ल्याखालचे सहा स्नायू अजून तालमीतच होते.
"पाय कसं उघडत्यात बघा," म्हणाले, "आन् आता ह्यो हात बघा."
कोपर कमरेला टेकवून मी मनगट बाहेर ढकललं.
दहा अंश.
पुढं भिंत.
"कडी गंजलीया बाई. तेल घाला, न्हाईतर तोडा."

अडतं कुठं, विचारलं.
मला वाटलं शर्टाची बाही म्हणतील, कंगवा म्हणतील.
बराच वेळ ते हिरव्या पट्ट्याकडं बघत राहिले.
"नमाजाला हात कानापतूर न्यावं लागत्यात,
तळवं पुढं करून. डावा जातोय.
उजवा छातीपाशीच थांबतोय,
जसं काय चोरून ठेवलंय काहीतरी मुठीत.
जाणती माणसं म्हणाली, जमंल तेवढं चालतंय.
त्याला चालत असंल.
मला न्हाई चालत."

बगलेत टॉवेलची गुंडाळी दिली, हातात पट्टा.
त्यांनी अख्ख्या अंगानं असा हिसका मारला
की खिडकीचा गज वाजला.
"ताकद नको, काका."
"मग काय लावू?"

याचं उत्तर माझ्या कुठल्याच वहीत नव्हतं.
समोर, गल्लीच्या पलीकडं,
हौसाबाई चपलेचा तळ शिवत बसल्या होत्या.
आरीनं भोक, भोकातून वादी,
आणि दोन्ही टोकं धरून दोन्ही हात बाहेर,
कोपरं बरगडीला तशीच.
पुन्हा भोक. पुन्हा बाहेर.
लग्न होऊन आल्यापासून रोज, पाटावरच्या तिन्हीसांजेपर्यंत.
"त्यांची कोपरं बघा," मी म्हटलं.
ते खरंच बघत राहिले, समोरच्या गड्याचा पवित्रा बघावा तसे.
हौसाबाईंनी मान वर केली:
"काय ओ पैलवान, माप द्याचंय का?"

पंधरा अंश. बावीस.
मग तीन आठवडे बावीसच,
आणि रात्री कुशीवर वळताना शिव्या,
त्या मला सकाळी माफीसकट सांगायचे.
एके दिवशी नव्या चपला करकरवत आले.
दुपारी म्हणे तिच्या ओट्यावर बसतो, वाद्या ओढतो.
मजुरी?
"मजुरी कसली. माझा टाका सैल पडतोय म्हणती,
मी गेलो की उसवून पुन्हा घालती."

चाळीसावर हात थांबला. मी ढकलून बघितलं,
त्यांनीही. खांद्याला आता तेवढंच द्यायचं होतं.
ते आरशासमोर गेले, पाऊलं जुळवायला बघितली,
जुळली नाहीत.
दोन्ही हात वर घेतले, तळवे पुढं.
डावा कानाच्या मोडक्या पाळीला टेकला.
उजवा चार बोटं खालीच.
समोरून आरीचा आवाज येत होता, थांबून थांबून.
मी म्हणणार होते, अजून महिनाभर बघू.
तेवढ्यात त्यांनी डावा हात हळूच चार बोटं खाली आणला,
उजव्याच्या बरोबरीला,
आणि डोळे मिटले.