तिपटीहून एक कमी

कूलरची टाकी भरून झाली की सुगत पाटी काढतो.
पाटी म्हणजे जुन्या कॅलेंडरचा मार्च,
मागून कोरा.
"आई, वाच."
मी वाचते : एका संख्येतून पाच वजा केले.
लिहिते : ५ − क्ष.
तो कपाळाला हात लावत नाही, एवढा शहाणा आहे.
म्हणतो, "कोनाच्या खिशातून कोनाचं गेलं,
ते पाह्य ना पयले."

मागच्या वेळी इथंच घसरले.
लिपिकाची विभागीय परीक्षा,
पास व्हायला लागत होते तेवढ्यातून दोन वजा.
हे मात्र मला बरोबर मांडता येतं.

मेडिकलला अठरा वर्षं झाली माझी.
धोब्याकडून आलेल्या चादरी, त्यातून फाटक्या वजा,
उरलेल्या सात वॉर्डांत सारख्या :
हे मी स्ट्रेचर ढकलता ढकलता तोंडानं करते,
कारण चादरी समोर असतात.
कागदावर चादरी नाहीत.
तिथं नुसता क्ष बसलेला,
ओपीडीच्या बाकावर बसतात ना, तसा,
नाव विचारलं की न बोलता चिठ्ठी पुढं करणारा.

"किती आहे रे हा?"
"मालूम नाही."
"मग लिहू कसं?"
"मालूम नाही म्हनूनच त लिहितात, आई."

मग कंस.
दुपटीत तीन मिळवले, आणि
तीन मिळवून मग दुप्पट केली.
मला दोन्ही एकच वाटत होतं, खोटं कशाला बोलू.
त्यानं स्वयंपाकाच्या ओट्याकडं बोट केलं.
"सकाळी दोन डबे भरतेस. पोळ्या दोघांत सारख्या.
मिरच्या तीन फक्त तुझ्या डब्यात,
का तीन-तीन दोन्हीत?"
माझ्याच. तो मिरची खात नाही.
२क्ष + ३.
कंस लागलाच नाही.

वरच्या नंदेश्वरबाई विरजणाला वाटी घेऊन आल्या,
कॅलेंडर बघून म्हणाल्या,
"कायले डोकं फोडतं वं, या वयात?"
वाटी घेऊन गेल्या. "या वयात" इथंच राहिलं.

सुगतनं थोडा वेळ पेन चावलं,
मग पुस्तक मिटून स्वतःचा प्रश्न घातला :
माझं वय क्ष,
आईचं वय त्याच्या तिपटीहून एक कमी.
३क्ष − १, एका दमात.
तो चौदा, मी एक्केचाळीस. ताळा बरोबर.

"मागच्या वर्षी?" मीच विचारलं.
तेरा त्रिक एकोणचाळीस, मी चाळीस.
एक जास्त.
"पुढच्या वर्षी?"
पंधरा त्रिक पंचेचाळीस, मी बेचाळीस.
तीन कमी.
दरवर्षी दोन-दोननं मागं पडते मी याच्या,
आणि हे कुठल्या रजिस्टरात नाही.

थांब म्हटलं.
आधी एक जास्त, आता एक कमी,
म्हणजे मधे कधीतरी
मी नेमकी तिप्पट होते.
कोणता वार असेल?
बहुतेक माझी नाइट असेल,
हा इथं रामबागेत झोपलेला, पंखा तीनवर,
मी तिकडं तेवीस नंबरात सलाईनची बाटली बदलत,
आणि आम्हा दोघांत
काही मिळवायचं नव्हतं, काही वजा करायचं नव्हतं.
झालं आणि गेलं.
कुणी मांडून ठेवलं नाही.

"यात क्ष काढायचा का?" मी विचारते.
"नाही. बरोबरचं चिन्ह कुठं आहे?
ही राशी आहे. मांडली की सोडून द्यायची."
मला मांडून सोडायची सवय नाही.
पेनचं टोपण हातातच राहतं.

रविवारी पेपर, वर्धा रोडच्या एका शाळेत.
साडेदहा वाजलेत, कूलर कोरडा पडून खडखडतोय.
"टाकीला बादल्या क्ष," मी म्हणते,
"त्यातल्या दोन तू आण."
"म्हंजे तुझ्या किती?"
"क्षमधून दोन गेले."
तो कान देऊन ऐकतो, कोणाच्या खिशातून कोणाचं,
मग मान हलवतो
आणि दोन्ही बादल्या उचलून
नळाकडं निघतो.