अस्सल बरहुकूम

महापेच्या चौथ्या मजल्यावर रात्रीचे अडीच.
अठरा अंशांवर अडकवून ठेवलेली थंडी,
पायाखाली पोकळ फरशी, फरशीखाली वारा,
आणि स्वेटर घालून बसलेली मी, रॅक बी-सातसमोर.

इथला सर्व्हर मुख्य, वागळे इस्टेटमधला दुय्यम.
इथे लिहिलं की तिथे उमटायचं,
तिथून 'पोचलं' आलं की मगच इथे 'झालं' म्हणायचं.
एवढाच करार. मेमध्ये मीच करून दिलेला.
पहिली भरणी व्हायला साडेएकोणीस तास लागले होते;
टक्का टक्का चढताना मी बघत बसले होते
दुधाच्या पातेल्याकडे बघावं तशी.

आज दोन्हीकडे एकच शब्द: मुख्य.

नऊ चव्वेचाळीसला मधली नाडी तुटली.
दोघांनाही वाटलं, दुसरा गेला.
दोघांनीही लगेच जबाबदारी घेतली, गुणी मुलांसारखी.
अकरा मिनिटांनी एकमेकांना पुन्हा दिसले
ते वेगवेगळ्या आठवणी घेऊन,
आणि बोलेनासे झाले.

फैयाज तुंगेकर तिकडून फोनवर.
"पिंग तर जातोय."
"माझाही जातोय."
"मग?"
मग केबली बदलल्या, पोर्ट बदलले,
ठाणे-बेलापूर रस्त्यावर कुणी खणलंय का विचारलं.
खणलं होतंच. पण आज दोष त्याचा नव्हता.
रबाळ्याचा मधला स्विच कुणीतरी संध्याकाळी नवा बसवला
आणि त्यावर आकडा तसाच ठेवला: पंधराशे.
लहान पाकीट जात होतं.
आमची नऊ हजारांची दाराशी अडत होती.

आकडा बदलला. वाट मोकळी झाली.
तरी दोघे गप्प.

आता एकाला विसरावं लागणार.
माझ्या अकरा मिनिटांत दोन हजारांवर नोंदी,
फैयाजच्या अकरांत सतरा.
हिशेब सोपा आहे. कमांडही एका ओळीची:
माझं टाकून दे, त्याचं घे.
"थांब," मी म्हटलं. "सतरा कसल्या आहेत?"
"कळव्याची रक्तपेढी."

वडील ठाण्याच्या तहसिलीत नक्कलनवीस होते.
नक्कल उतरवणारा एक, रुजवात घेणारा दुसरा,
खाली दोघांच्या सह्या.
एकट्यानं केलेली रुजवात म्हणजे
आरशात बघून भांग पाडणं, म्हणायचे.

फैयाज वाचत गेला, मी चलनाच्या पाठीवर लिहीत गेले.
ओ पॉझिटिव्ह. बी निगेटिव्ह. पिशवीचा नंबर. वेळ.
मग कळव्याला फोन लावला.
रेवती भोपी, रात्रपाळी, आवाजात झोप नाही.
"वही आहे माझ्याकडे," म्हणाल्या. "वाचा तुम्ही."

दहा जुळल्या.
अकरावीत माझा शेवटचा आकडा सहा, त्यांचा नऊ.
"मशीनमध्ये सहा आहे," मी जरा ठासून म्हटलं.
"असेल. बघून येते."
फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज.
चपला लांब गेल्या. फ्रीजचं दार.
महापेत हजार पंखे फिरत होते
आणि मी एका दाराचा आवाज ऐकत होते.

"नऊ."

म्हणजे नाडी तुटली नसती तर
तो सहा त्याच क्षणी दोन्हीकडे उमटला असता,
एक बिंदू इकडचा तिकडे न होता,
आणि माझ्या पडद्यावर हिरवं असतं: सारखे.

उरलेल्या सहा जुळल्या.
"सकाळी पुन्हा भरायच्या ना?"
"हो. सतराही."
"भरते," म्हणाल्या, आणि कुणालातरी हाक मारत गेल्या.

तीन वाजून वीस. फैयाजनं कमांड दिली.
शून्य पूर्णांक चार टक्के.
चलन अजून मांडीवर.
नक्कल: तुंगेकर, असं खाली लिहिलं मी.
रुजवात: भोपी.
माझ्या सहीला कुठे जागा आहे ते शोधत
पेन उघडंच राहिलं.